समासबाई

आमच्या कचेरीत माणसांची खरी नावं फक्त हजेरीपटावर असायची. तोंडी ती कोणी वापरायचं नाही. मला पाठीमागे 'गाळणी' म्हणत, कारण मी छाननीच्या टेबलावर बसायचो आणि आलेला प्रत्येक फॉर्म माझ्यातून गळूनच पुढे जायचा. तोंडावर मात्र 'भाऊ'. तिला सगळे समासबाई म्हणत, आणि तिला ते तोंडावरसुद्धा म्हणत. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. तिला वाटतं का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

समास म्हणजे कागदाची डावीकडची कोरी पट्टी. आमच्या फॉर्मवर त्या पट्टीत ठळक छापलेलं असायचं, 'येथे काही लिहू नये'. ही बाई नेमकी तिथेच लिहायची. घरात पंखा आहे का? आहे. आणि समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'आहे, पण लावत नाहीत. आवाजाने सासरे जागे होतात.' शिक्षण किती? सातवी. समासात, 'आठवीचं पुस्तक अजून कपाटात आहे. काढून दाखवलं.' अरे, पण यंत्रात आकडे भरायचे असतात, सासरे कुठे भरणार? माझी अर्धी नोकरी तिचा समास खोडण्यात गेली. शनिवारी ती फॉर्म घेऊन आली की शिपाई माझ्या टेबलावर नवा खोडरबर आणून ठेवायचा आणि तोंड दाबून हसायचा.

तोंडावर आम्ही एकमेकांना जन्मभर अहो-जाहो केलं. लिहिताना मात्र मला तिला 'ती'च म्हणावंसं वाटतं. आता तेवढी सलगी केली तर चालेल, असं मी धरून चाललोय.

ती घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्यांपैकी. कायमची नोकर नव्हे. दर दोन वर्षांनी पाहणीची फेरी निघायची, तेव्हा नवं नेमणूकपत्र मिळायचं. मधल्या काळात ती वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवायची. उंच, खांद्यांत जरा वाकलेली, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत पाण्याची बाटली आणि पेन दोऱ्याने पिशवीच्या बंदाला बांधलेलं. 'लोक सही करतात आणि पेन खिशात घालतात, भाऊ. वाईट मनाने नाही, सवयीने,' असं तिचं म्हणणं. चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत ती राहायची. आई होती तोवर आईचं केलं. धाकटा भाऊ लांब, दुसऱ्या देशात. तो महिन्यातून एकदा फोन करायचा आणि 'ताई, तब्येत सांभाळ' म्हणून ठेवून द्यायचा. लग्न झालं नाही. का झालं नाही, याची कचेरीत तीन वेगवेगळी उत्तरं होती, आणि तिन्ही तिला न विचारता तयार झालेली.

आता या पाहणीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पूर्वी आम्ही मिळकत विचारायचो. किती येतं, किती जातं, घरात वस्तू किती. मग वरून हुकूम आला की एवढ्याने भागणार नाही, माणसं कशी जगतात ते मोजायचं. फॉर्म ज्यांनी तयार केला ते अर्थशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक आम्हाला शिकवायला एकदाच आले. माईक त्यांना शेवटपर्यंत वापरता आला नाही. तो दूर सारून ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, 'समोरच्या इमारतीतल्या बंद खिडक्या मोजा.' आम्ही शाळकरी पोरांसारख्या मोजल्या. अकरा. 'यातली एखादी बंद आहे कारण आतल्या माणसाला ऊन नकोय. एखादी बंद आहे कारण बिजागरी गंजलीय आणि त्याला ती उघडताच येत नाही. इथून दोन्ही सारख्याच दिसतात. तुमचा जुना फॉर्म इथे उभा राहून भरलेला होता. आता जिने चढा आणि विचारा.'

आणि मग ते जे बोलले, ते ऐकताना मला जांभई येत होती हे कबूल करतो. म्हणाले, माणसाकडे काय आहे यावरून तो बरा आहे की नाही ते कळत नाही. त्याला काय करता येतं, काय होता येतं, ते बघा. आपल्या भाषेत सोय आहे. 'जातो' वेगळं आणि 'जाता येतं' वेगळं. सगळं अर्थशास्त्र त्या 'येतं'मध्ये आहे. त्या 'येतं'ला सांभाळा.

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, 'आम्हाला घरी जाता येतं का ते विचारा कोणीतरी.' हशा पिकला. समासबाई तेवढी हसली नाही. ती लिहून घेत होती, अर्थातच समासात.

तर प्रत्येक प्रश्नाला तीन खुणा. एक म्हणजे करतात. दोन म्हणजे करत नाहीत, इच्छा नाही. तीन म्हणजे इच्छा आहे, पण करता येत नाही. दिसायला किती सोपं! प्रत्यक्षात लोक जाम तीन सांगत नाहीत. तीन सांगायचं म्हणजे अनोळखी माणसासमोर हात पसरल्यासारखं वाटतं. 'बाहेर फिरायला जाता?' 'छे हो, मला आवडतच नाही.' 'नातेवाइकांकडे?' 'नको वाटतं हल्ली.' आम्ही दोन लिहून मोकळे. प्राध्यापकांनी याचाही इशारा दिला होता. जे मिळायचंच नाही ते माणूस हळूहळू मागायचं सोडतो, आणि मग आपल्याला ते नकोच होतं असं स्वतःलाही पटवतो, म्हणून शंका आली तर पुन्हा विचारा. पण एखाद्या दिवशी बारा घरं उरकायची असली की शंका कोणाला येते?

शिकवणीनंतर सरावासाठी जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला समासबाई आली. मी विचारायचं, तिने उत्तर द्यायचं. एक्केचाळिसावा प्रश्न होता, 'गेल्या आठवड्यात कामाव्यतिरिक्त कोणाशी निवांत गप्पा मारल्यात का?'

ती म्हणाली, 'फॉर्म भरताना होतात त्या धरायच्या?'

'त्या कशा धरणार? ते काम झालं.'

'मग नाही.'

'इच्छा नाही, की...'

'दोन लिहा, भाऊ. मला गप्पांची फारशी आवड नाही.'

मी दोन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेलो. सरावच होता तो.

तिला नेमून दिलेल्या घरांत एक घर होतं टेलिफोनवाल्या आजींचं. जुन्या काळी नंबर सांगितला की पलीकडे बाई लाइन जोडून द्यायची, त्या बायांपैकी ह्या एक. तीस वर्षं साऱ्या शहराला एकमेकांशी जोडून दिलं. आता एकट्या, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. समासबाईने पहिल्या फेरीत दार वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, 'बोला.' दार उघडलं तर इस्त्रीचा झगा, विंचरलेले केस, आणि दाराशी बाहेर जायच्या चपला टाचा जुळवून ठेवलेल्या. प्रश्न चौदा, बाहेर जाता का? 'नाही. गर्दी मला आवडत नाही. सामान मी टोपलीने घेते.' खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, खालचा दुकानदार पाव आणि साबण ठेवायचा, की वर ओढायची. आजींनी ते प्रात्यक्षिकही करून दाखवलं, मोठ्या ऐटीत. समासबाईने दोन लिहिलं. पुढच्या फेरीतही दोन. त्याच्या पुढच्याही फेरीत दोन.

चौथ्या फेरीला ती गेली, तेव्हा आजी एकोणऐंशीच्या होत्या. ती स्वतःची पादत्राणं काढायला वाकली आणि आजींच्या चपलांपैकी एक तिच्या पायाने लवंडली. तळ वर आला. नवाकोरा. दुकानात चिकटवलेली आकड्याची चिठ्ठीसुद्धा तशीच. ह्याच चपला ती सहा वर्षं बघत आली होती.

हे तिने मला नंतर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. तिने चप्पल सरळ करून ठेवली आणि काही पाहिलंच नाही असं दाखवत आत जाऊन बसली. चौदावा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, 'लिहा, गर्दी आवडत नाही.' तिने लिहिलं नाही. म्हणाली, 'आजी, आवडत नाही, की जाता येत नाही?'

आजी भडकल्या. 'मी खोटं बोलते का? निघा.' ती उठली नाही. आजींनी पंखा बंद केला, चालू केला, खिडकीशी जाऊन टोपलीची गाठ सोडून परत बांधली. पुष्कळ वेळाने, पाठ तिकडेच ठेवून, म्हणाल्या, 'आठ वर्षं झाली. उतरता येतं एखादवेळ, पण चढता नाही येत. मध्येच अडकले तर चारचौघांत जिन्यावर बसून राहायचं का? लाज वाटते हो मला.'

समासबाईने चौदाव्या प्रश्नापुढे तीन लिहिलं. त्या फॉर्मच्या समासात तिने काहीच लिहिलेलं नव्हतं, ते मला जरा चमत्कारिक वाटलं होतं.

फॉर्म माझ्याकडे आला आणि माझ्या गाळणीत अडकला. मागच्या तीन फेऱ्या दोन, आता एकदम तीन. नियमाप्रमाणे मी लाल पेन्सिलीने शेरा मारला, 'विसंगत. मागील नोंदींशी जुळवून घ्यावे.' म्हणजे सरळ भाषेत, परत दोन करा.

शनिवारी ती आली आणि स्टुलावर बसलीच नाही. उभ्यानेच म्हणाली, 'हा तीन राहिला पाहिजे.'

मी म्हटलं, 'राहील की! गुडघे आत्ता बिघडले असं लिहा. म्हातारपण कोणाला चुकलंय? तुमच्या अंगावर काही यायचं नाही.'

'आत्ता बिघडले लिहिलं तर त्यांना खोली मिळणार नाही.'

ते खरं होतं. पाहणीचे आकडे नुसते छापून ठेवायला नव्हते. घरांच्या खात्याकडे तळमजल्यावरच्या खोल्या होत्या, मोजक्या, आणि त्या फेरीनंतर यादी बंद होणार होती. पहिला मान ज्यांच्या नावापुढे निदान दोन फेऱ्या तीन आहे, अशांना. नव्याने तीन झालेल्यांनी रांगेत थांबायचं, आणि त्या रांगेतली माणसं बहुतेक रांगेतच संपत. एकोणऐंशीव्या वर्षी कसली रांग!

'मग मागच्या नोंदी बदलाव्या लागतील,' मी म्हणालो. 'म्हणजे तुमची चूक होती असं तुम्ही लेखी द्यायचं. आणि लेखी दिलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.'

तिला माहीत होतं. चुकीची नोंद लेखी कबूल करणाऱ्याचं नाव यादीतून कमी होई. पुन्हा नेमणूक नाही. बेदरकारपणे फॉर्म भरणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केलेला नियम; सापडायची ती सरळ माणसंच.

बाकीच्यांना ते काम म्हणजे वरकमाई होती. तिचं तसं नव्हतं. दोन वर्षांतून चार महिने तिच्यासाठी साडेतीनशे दारं उघडायची. तिला आत बोलवत, खुर्ची पुसून देत, आणि तासभर सांगत. कोणाला झोप येत नाही, कोणी मुलीशी बोलत नाही, कोणाला गाणं शिकायचं होतं. फॉर्म संपला की दार लागायचं, ते ठीकच होतं. पण तासभर तरी ती कोणाच्या तरी घरात असायची. मला हे तेव्हाही समजत होतं. न समजायला मी काही दगड नाही.

जुने फॉर्म काढायला मी मागच्या खोलीत गेलो. पहिल्या फेरीचा फॉर्म हातात घेतला, आणि चौदाव्या प्रश्नाशेजारी समासात मला खरवडल्याच्या खुणा दिसल्या. खिडकीशी तिरका धरला. पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो, कितीही खोडा. लिहिलेलं होतं, 'नक्की आवडत नाही? पुन्हा जाऊन विचारायला हवं.'

खोडणारा मी होतो. तिची शंका माझ्या टेबलावर आली होती, आणि मी ती रबराने घासून, फुंकर मारून, चुरा खाली झाडला होता. ती शंका जागेवर राहिली असती तर मोठ्या साहेबांनी तिला परत पाठवलं असतं, आणि आजी सहा वर्षांपूर्वीच खाली उतरल्या असत्या.

मी काय केलं? तिन्ही फॉर्म घेऊन बाहेर आलो, तिच्यासमोर ठेवले आणि गप्प बसलो. निवृत्तीला मला सात महिने राहिले होते. छाननीतली चूक म्हणून चौकशी लागली असती, निवृत्तीचे कागद अडकले असते. ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली आणि ती मला पटलीसुद्धा. आज लिहिताना त्यांचीच लाज वाटते.

तिने तिन्ही फॉर्म पाहिले. पहिल्यावर तिची नजर जरा थांबली. मग दोऱ्याला बांधलेलं पेन ओढून तिने कबुलीजबाब लिहिला, चार ओळींचा, समास सोडून, अगदी नियमाप्रमाणे. 'सदर नोंद माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची झाली आहे.' सही केली. ओळखपत्र गळ्यातून काढलं आणि त्याची दोरी गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलं.

'मोठे साहेब म्हणतील तेव्हा द्या की,' मी म्हटलं.

'आज काय, उद्या काय,' ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

आजींना खोली मिळाली. तीन महिन्यांत. तळमजला, दाराबाहेर एक पायरी, कोपऱ्यावर पावाचं दुकान. कागद माझ्याच हातून गेला, म्हणून पत्ता मला माहीत होता.

निवृत्त झाल्यावर मी दोन आठवडे घरात पाय आपटत फिरलो. सुनेने शेवटी सांगितलं, 'बाबा, कुठेतरी जाऊन या हो.' तेव्हा मी चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत गेलो. समासबाईने दार अर्धं उघडलं, आणि मला पाहून पहिलं वाक्य काय बोलावं? 'काही कागद राहिलाय का?'

खोली लख्ख होती. एक खुर्ची. मला खुर्ची देऊन ती पलंगाच्या कडेवर बसली. वाचनालय बंद पडलं होतं, पुठ्ठ्यांचं कामही गेलं होतं. मी विचारलं, दिवस कसा जातो? ती म्हणाली, 'जातो.' थोड्या वेळाने म्हणाली, 'काल दुकानदाराने सुटे आहेत का विचारलं. परवा कोणीच काही विचारलं नाही.' तक्रार म्हणून नाही, नोंद केल्यासारखी.

मग मी घाईघाईने, विडी चोरलेल्या पोरासारखं, ते समासातलं वाक्य आणि रबर यांचं सांगून टाकलं.

'दिसलं होतं मला,' ती म्हणाली.

'मग बोलला का नाहीत?'

'खोडलंत तुम्ही. पण दोनचा आकडा मीच लिहिला होता ना? आणि पुन्हा जाऊन विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. म्हातारी मानी आहे, दुखावेल, म्हणून मीच टाळलं.' मग म्हणाली, 'त्या खाली आल्या का हो? बऱ्या आहेत?'

'तुम्ही गेला नाहीत?'

'काय म्हणून जाऊ, भाऊ?'

मला तिचा राग आला. साडेतीनशे घरांचे जिने चढलेली बाई, आणि एका तळमजल्याची पायरी चढायला कारण मागते! मी म्हटलं, माणूस म्हणून चला, पाहुणी म्हणून चला, माझ्यासोबत म्हणून चला. येत्या रविवारी. तिने तीनदा नको म्हटलं, आणि रविवारी मी पोचलो तेव्हा खाली चष्म्याच्या दुकानाच्या बंद दारासमोर तयार होऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

आजींच्या दारावर तिने टकटक केली. आतून, 'बोला.'

दार उघडलं. आजींनी आधी तिला पाहिलं आणि चेहरा खुलला. मग मागे मला पाहिलं. पॅन्टीत खोचलेला सदरा, काखेत पिशवी, चाळीस वर्षांत अंगात मुरलेला कचेरीचा थाट. आजींचा चेहरा उतरला. हाताने त्यांनी चौकट धरली.

'तपासणी आहे का?'

'नाही हो आजी, मी सहजच...' समासबाई म्हणाली.

'सहज कोण येतं?' आजी म्हणाल्या. 'मला अजून चढता येत नाही हो. खोटं नव्हतं सांगितलं. थांबा, दाखवते मी साहेबांना.' आणि त्या खरोखरच बाहेर आल्या, शेजारून वर जाणाऱ्या जिन्याशी गेल्या, कठड्याला दोन्ही हातांनी लोंबून पहिल्या पायरीवर पाय टाकायला लागल्या. पाय उचलेना. 'बघा. बघा ना. खोली काढून नका घेऊ.'

समासबाईने धावत जाऊन त्यांना धरलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग ती अगदी नेहमीच्या, कोरड्या, कामाच्या आवाजात म्हणाली, 'अहो, तपासणी नाही. फॉर्म आहे. नेहमीचा फॉर्म. हे नवीन आहेत, शिकायला आलेत.'

'असं होय!' आजींनी श्वास सोडला. 'मग आधी सांगायचं ना. घाबरवून टाकलंत. या, बसा.'

फॉर्म कुठला? माझ्या पिशवीत नातीसाठी घेतलेली चौकटीची वही होती. समासबाईने ती हात पुढे करून मागितली, मांडीवर उघडली आणि विचारायला सुरुवात केली. चौसष्टच्या चौसष्ट प्रश्न तिला पाठ होते. आजी खूश. पाठ ताठ करून एकेक उत्तर देत होत्या. चौदावा आला तेव्हा तर टाळी वाजवली. 'जाते! रोज जाते. कोपऱ्यापर्यंत. पाव स्वतः निवडून घेते. एक लिहा, ठळक लिहा.' तिने ठळक लिहिलं. तीही हसली. मी तिला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग एक्केचाळिसावा. गेल्या आठवड्यात कामाव्यतिरिक्त कोणाशी निवांत गप्पा मारल्यात का?

'नाही,' आजी म्हणाल्या. 'मला गप्पांची फारशी आवड नाही.'

समासबाईचं पेन थांबलं. तिने मान वर केली नाही. 'आवड नाही,' ती हळू म्हणाली, 'की...'

आजींनी मांडीवरचा झगा सारखा केला, परत सारखा केला. 'तीन लिहा,' म्हणाल्या.

समासबाईने तीन लिहिलं. पेन कागदावरून उचलायला तिला वेळ लागला.

चौसष्ट प्रश्न संपले. सही झाली. आजी आम्हाला पायरीपर्यंत पोचवायला आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, 'आता परत कधी?'

मी मनात म्हटलं, सांग, बाई, उद्या म्हणून सांग.

'दोन वर्षांनी,' समासबाई म्हणाली. 'पाहणी दोन वर्षांनीच असते.'

'तुम्हीच याल ना?'

'मीच येईन.'

कोपरा वळेपर्यंत मी दम धरला, मग मात्र फुटलो. 'दोन वर्षांनी? अहो, त्या ऐंशीच्या आहेत! पुढच्या रविवारी म्हणाला असता तर तुमचं काय जात होतं?'

'पुढच्या रविवारी म्हटलं असतं, तर खोली काढून घ्यायला येतायत म्हणून त्या आठवडाभर झोपल्या नसत्या,' ती म्हणाली. नातीची वही तिने छातीशी धरली होती. 'ही मी ठेवू का, भाऊ? नातीला दुसरी घ्या.'

मी ठेवा म्हटलं. तिने पिशवी उघडली, वही आत घातली, आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही काही न बोलता चाललो. दोघांनाही बोलता येत होतं.